जोतीतात्यांना लागलेला उजवा कौल

गावाचं नाव लिहीत नाही. भिगवणपासून आत आठ किलोमीटर, आणि धरण भरलं की पाणी स्मशानाच्या पायरीला लागतं, एवढ्यावरून ज्याला कळायचं त्याला कळेल. मी त्या गावच्या गुरवाचा मुलगा. माझं नाव मात्र लिहितो, अविराज. लपवून उपयोग नाही. गावात बी.एस्सी. झालेला गुरव एकच आहे.

बारावी इंदापूरला, पदवी बारामतीला, आणि गेली तीन वर्षं एमआयडीसीत एका दूध भुकटीच्या कारखान्यात मी नमुने तपासतो. दुधात कोणी पाणी घातलंय, कोणी साखर, कोणी युरिया, ते शोधायचं. भेसळ पकडण्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कोणाला हसायचं असेल तर त्याला सोपं जाईल.

पण गोष्ट माझी नाही, जोतीराम तात्यांची आहे. मी तिच्यात मधेच कडमडलो. लिहू का म्हणून त्यांना विचारलं, तर म्हणाले, "लिही. फकस्त शिंगाड्याला चिलापी लिहू नगंस."

तर तात्या भिगवणच्या मासळी बाजारात झुंबरशेठच्या अडतीवर लिलाव पुकारायचे. सकाळी जलाशयावरून माल येतो. चिलापी, रोहू, कटला, कधी वांब, कधी शिंगाडा. ढीग लागला की तात्या उलट्या क्रेटवर चढायचे. सोळाव्या वर्षी ते तिथं पाट्या उचलायला लागले होते. एक दिवस पुकारणारा आला नाही, झुंबरशेठचे वडील म्हणाले, "चढ रं तू." तात्या चढले ते अडतीस वर्षं उतरले नाहीत. आवाज असा, की हायवेवर ट्रकनं हॉर्न वाजवला तर लोक ट्रककडे रागानं बघत. घरी दीड एकर रान, त्यात पेरू. शिक्षण सातवी. रविवार गावच्या भैरवनाथाचा म्हणून त्या दिवशी मासा खायचा नाही, पुकारायचा मात्र. मी एकदा छेडलं होतं, "तात्या, नाथाला पुकारलेलं चालतंय व्हय?" ते म्हणाले, "त्याला माझा आवाज ऐकू जातोय एवढं बास."

आमच्या गावचा भैरवनाथ शेंदराचा. इतक्या पिढ्यांनी तेल-शेंदूर चोपडलाय की त्याचे खांदे आता खांदे राहिले नाहीत, उतार झालेत. त्याला काही विचारायचं असेल तर कौल लावतात. विचारणारा रविवारी उपाशीपोटी येतो. गुरव कण्हेरीच्या दोन सारख्या कळ्या पाण्यात भिजवतो, एक नाथाच्या उजव्या खांद्यावर चिकटवतो, एक डाव्या. विचारणारा प्रश्न मनातल्या मनात धरतो, तोंडानं बोलत नाही. मग सगळे उंबऱ्याबाहेर बसतात. उजवी कळी आधी पडली तर नाथ म्हणतो कर. डावी पडली तर नको. आणि एका गोष्टीसाठी कौल एकदाच.

प्रश्न मनात का धरायचा, ते मी लहान असताना आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "लावणाऱ्याला कळाय नगं म्हणून. कळलं की बोटाला इच्छा येती."

तात्यांनी आयुष्यात तीनदा कौल लावला. पहिला पोरीच्या, सुप्रियाच्या, लग्नासाठी. तो उजवा लागला. दुसरा डावा. एका मित्राबरोबर भागीदारीत तळ्याचा ठेका घ्यायचा होता, तात्यांचं मन सगळं तिकडं होतं, आणि डावी कळी पडली. तात्यांनी ठेका सोडला. मित्रानं घेतला आणि चार वर्षांत दोन मजली बंगला बांधला. तो बंगला तात्यांच्या पेरूच्या रानातून दिसतो. विजयमाला काकी, म्हणजे तात्यांची बायको, अजून म्हणते, "तुमच्या नाथानं आपला बंगला पाडला." तात्या म्हणतात, "बांधायच्या आधीच पाडला, मजुरी वाचली." कुरकुर म्हणाल तर एवढीच.

तिसरा कौल गेल्या वर्षीचा, आणि तो मी लावला.

आप्पांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून रविवारची पूजा माझ्याकडे आली होती. मी ती करायचो, पण कारखान्यात उशिरा आलेल्या नमुन्यासारखी, उरकायची म्हणून. त्याच सुमारास तात्यांचा आवाज बसला. आधी लोक म्हणाले थंडी, मग म्हणाले धुरळा. दोन महिने झाले तरी उठेना, तेव्हा बारामतीच्या घशाच्या डॉक्टरनं दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि निघू नये ते निघालं. सुरुवातीचं आहे, बरं होण्यासारखं आहे, पण आहे.

काकी आमच्या ओट्यावर बसून आईला सांगत होती, "डाक्टर म्हंत्यात आपरेशन. आन हे म्हंत्यात, नाथाला इचारल्याबगार न्हाय."

मी आत चहा पीत होतो. तेवढंच ऐकलं आणि कप ठेवून उठलो. पुढचं काकी बोलत होती, पण मला पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. उरलेलं माझ्या शिक्षणानं भरून काढलं. कॅन्सर झालेला माणूस, डॉक्टर ऑपरेशन सांगतोय, आणि हा कण्हेरीच्या कळीला विचारणार. डावी पडली तर हा माणूस घरात बसून मरणार, आणि कळी लावणारा मी. असा हिशेब मी भरल्या पोटी, एका मिनिटात केला.

रविवारी तात्या आंघोळ करून, ओल्या केसांनी आले. काकी मागं. मी उजवी कळी नुसत्या पाण्यानं लावली. डावीच्या देठाला ओल्या शेंदराचा गोळा लावला आणि अंगठ्यानं दाबली, चैत्रापर्यंत हलू नये अशी. माझी पाठ त्यांच्याकडे होती. अंगठा पंचाला पुसला आणि गंभीर चेहऱ्यानं बाहेर येऊन बसलो. गंभीर चेहरा मला चांगला जमतो, दक्षिणेच्या वेळी उपयोगी पडतो.

उजवी कळी पडायला आरतीएवढाही वेळ लागला नाही. तात्यांनी हात जोडले आणि त्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "बरं." एवढंच. मग लोटांगण घातलं.

खरं सांगायचं तर तेव्हा लाज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून कामावर जाताना मी शिट्टी वाजवत होतो. एका माणसाचा जीव वाचवला होता, आणि देवाला कळूही दिलं नव्हतं.

पहिला काटा रुतला तो बाजारात. ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि तात्यांचा पुकारायचा शेवटचा आठवडा होता. त्यांना पुकारणं कसलं जमतंय, ते क्रेटवर उभे राहून बोटं दाखवायचे आणि शेजारी एक पोरगेला माणूस ओरडायचा. मी मासे घ्यायला गेलो होतो. झुंबरशेठ त्यांना म्हणत होते, "तात्या, पुण्याला अजून एकाला दाखवू. गाडी माझी, डिझेल माझं."

"दाखवायचं त्याला दाखवलं, शेठ."

छबूबाई म्हणून एक मासेवाली आहे, तिची जीभ तिच्या कोयत्याहून धारदार. ती म्हणाली, "आन आवाज गेला म्हंजी? आमच्या चिलापीला वाली कोण?"

"चिलापी काय माझा आवाज ऐकून जाळ्यात येती व्हय, छबे?"

"ती न्हाय येत. गिऱ्हाईक येतंय." मग हळूच, "तुला भ्या न्हाय वाटत रं तात्या?"

तात्यांनी तिला टाळलं नाही. म्हणाले, "वाटत हुतं. कौल लागस्तोवर लय वाटत हुतं, जेवान जाईना. आता कशाचं? त्यानं जा म्हणलंय. पुढं रस्ता हाय का खड्डा, ते न्हाय सांगितलं. पर जा म्हणलंय ना. मग त्याचं तो बघंल."

छबूबाईनं पदर डोळ्याला लावला. झुंबरशेठ काट्याकडे बघत राहिले. माझ्या हातात पिशवी होती, ती घेऊन मी तसाच परत आलो. आईनं विचारलं मासे कुठं, तर म्हणालो, महाग होते.

पुढचे आठ दिवस मी स्वतःला समजावत होतो. काम चांगलं झालंय ना, मग कोणाच्या नावावर झालं त्याला काय महत्त्व. ऑपरेशन व्हायलाच हवं होतं. ह्या एका वाक्यावर मी तग धरून होतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. तात्यांचा मुलगा सौरभ फौजेत, तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होता. मी बारामतीलाच निघालो होतो, म्हणून तात्या माझ्या मागं बसले आणि काकी एसटीनं आली. कारखान्यात मी अर्धी सुट्टी टाकली. मी किती चांगला मुलगा आहे हे काकी वॉर्डात दोन बायकांना सांगत होती.

डॉक्टर तरुण आणि बोलायला मऊ. म्हणाले, "काका, परत एकदा विचारतो. मी तेव्हाच सांगितलं होतं, दोन वाटा आहेत. ऑपरेशन केलं तर एकदाच काय ते, पण आवाज किती राहील ते आत गेल्याशिवाय सांगता येत नाही. पुण्याला किरणांचा शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलं तर सहा-सात आठवडे रोज जावं लागेल, पण आवाज बऱ्यापैकी राहण्याची शक्यता जास्त. आजार जायच्या दृष्टीनं दोन्ही सारख्याच. ठरलं ना नक्की?"

"ठरलं," तात्या म्हणाले. "माझं मला ठरंना, तुमी बी ठरवून देईना, म्हणून तर वर इचारलं."

डॉक्टर हसले आणि कागद पुढं केला. तात्यांनी सही केली. सही करायला त्यांना वेळ लागतो, एकेक अक्षर कोरतात. तेवढ्या वेळात माझ्या पायाखालची फरशी सरकायची तेवढी सरकून झाली.

तात्यांनी डॉक्टर की देव असं विचारलंच नव्हतं. दोन्ही वाटा डॉक्टरच्याच होत्या. डॉक्टरनं हात वर केले, मग तात्या नाथाकडे गेले, आणि तिथं मी बसलो होतो. डावी कळी म्हणजे मरण नव्हतं. डावी कळी म्हणजे पुणं होतं, रोजचं जाणं-येणं होतं, आणि बहुतेक आवाज होता. ओट्यावर काकी पुढं बोलत होती ते हेच असणार.

दुपारभर मी औषधाच्या दुकानात दोनदा गेलो, गरज एकदाच होती. मोसंबी आणली. पाण्याची बाटली भरली, ओतली, परत भरली. चार वाजता कॉटशेजारी स्टुलावर बसलो. काकी मोसंबी सोलत होती.

"तात्या, एक सांगायचंय."

"सुट्टी न्हाय मिळाली व्हय? जा तू. सौरभ येतोय सकाळच्याला."

"तसं न्हाय. कौल मी लावला हुता ना."

"व्हय. बघितलं की मी."

"न्हाय बघितलं. डावी कळी मी शेंदरात दाबली हुती. पडू ने म्हणून."

काकीचे हात थांबले. तात्यांच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होतो, तो असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"का?" त्यांनी विचारलं.

"मला वाटलं, डावी पडली तर तुमी कायच करणार न्हाय. शेकाचं मला ठावंच नव्हतं."

"मग इचारायचं न्हाय व्हय?"

"लावणाऱ्यानं प्रश्न इचारायचा नसतो ना."

हे माझ्या तोंडून गेलं आणि माझ्याच कानांना ऐकवेना. कळी दाबली, नाथाला फसवलं, तात्यांना फसवलं. सगळ्या नियमांतला एकच नियम मी निष्ठेनं पाळला, तोही चुकीच्या दिवशी.

बोलली ती काकी. आवाज चढवला नाही, वॉर्डात दुसरे पेशंट होते. "आन हे आज सांगतूस? काल सांगितलं आसतंस तर इचार तरी केला आसता. परवा सांगितलं आसतंस तर आजची झोप तरी लागली आसती ह्यास्नी. पंधरा दिस हा माणूस घोरत झोपत हुता, त्या कौलाच्या जिवावर. तुला रातीची झोप येईना म्हणून ह्यांची काढून घेतलीस."

मी कबुली देताना मला वाटत होतं की निदान आता तरी मी बरोबर काहीतरी करतोय. काकीनं तेही सोलून ठेवलं.

"आत्ता जातो," मी म्हणालो. "तासाभरात गावात पोचतो. आप्पांना उचलून देवळात नेतो. ते नीट लावतील. आपण परत इचारू."

"एका गोष्टीला दोनदा न्हाय," तात्या म्हणाले.

"पण पयला कौल कौलच नव्हता."

"तुझ्याकडनं नव्हता. मी तर इचारलंच हुतं ना."

त्यांनी पाण्याचा पेला उचलला. न पिताच तो खाली ठेवून ते काकीला म्हणाले, "माले, भ्या वाटतंय गं." चारचौघांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. मी भिंतीवरच्या सूचना वाचायला लागलो. थुंकू नये. मोठ्याने बोलू नये.

संध्याकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा काकीनं सरळ विचारलं, "थांबवता येतंय का उद्याचं?"

"येतं की," डॉक्टर म्हणाले. "काही बिघडलेलं नाही. पुण्याला चिठ्ठी देतो. पण आजच सांगा, टेबल दुसऱ्याला द्यायला."

म्हणजे दार उघडं होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी स्टुलावरून उठलोच. पुण्याला रोज मी नेईन, सुट्टी टाकीन, बिनपगारी टाकीन, असं सगळं माझ्या मनात ठरूनही गेलं. काकी म्हणाली, "चला पुण्याला. शेवंता हाय तिकडं माझी भैन, ऱ्हाऊ तिच्याकडं." तात्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि खिडकीकडे तोंड केलं. खाली रस्त्यावर उसाच्या रसाचा गाडा होता, घुंगरांचा आवाज वर येत होता. डॉक्टर दुसऱ्या कॉटकडे गेले. तात्या घाबरले होते हे त्यांच्या मानेवरूनही कळत होतं.

मग त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. आवाज जपायला सांगितलं होतं, म्हणून कान तोंडाशी न्यावा लागला.

"अवी, लिलावात कवा कवा एखादा लबाड बोली लावतो. त्याला माल नको आसतो, भाव चढवायचा आसतो. मला ते मागनं कळतंय. पर मी 'माल गेला' म्हणून पुकारलेलं आसतंय. मग मी माल माघारी वढत न्हाय. लबाडाचं काय ते शेठ बघतो. मी माझा शब्द बघतो."

"तात्या, हितं जिवाचं हाय. आवाजाचं हाय."

"आरं ऐक. तू काय केलंस ते तुझं. त्याचं तू आन नाथ बघून घ्या, मी मधी पडत न्हाय. पर मी त्याच्याम्होरं उभा ऱ्हाऊन बरं म्हणलंय. ते तुला न्हाय म्हणलेलं."

"त्यानं जा म्हणलंच न्हाय पर."

"व्हय, त्यानं जा म्हणलं न्हाय," तात्या म्हणाले, आणि जरा दम घेतला. "आजवर त्यानं सांगितलं आन मी गेलो. आता न सांगता जायाचं. हाय का न्हाय तो तितं, ते तवाच कळंल."

"आन भ्या?"

"ते हायच की. ते बी येतंय संगट."

अर्धी सोललेली मोसंबी काकीनं तशीच कागदात गुंडाळून ठेवली आणि डॉक्टरला सांगायला स्वतः गेली.

मी ह्यावर नंतर पुष्कळ विचार केला, आणि मला अजून ते पूर्ण पटलेलं नाही हेही लिहून ठेवतो. मी त्यांच्या जागी असतो तर पुण्याला गेलो असतो. कदाचित तेच शहाणपणाचं होतं. पण शहाणपण मी ह्या प्रकरणात आधीच एवढं वापरलं होतं, की तोंड उघडायची सोय राहिली नव्हती.

सकाळी सौरभ आला. त्याला कोणी काही सांगितलं नाही. माझे हात हातात घेऊन तो म्हणाला, "अवी, तू होतास म्हणून." वॉर्डबॉयनं चाकांची खुर्ची आणली. तात्यांनी नको म्हटलं आणि चालत गेले. दाराशी पोचेपर्यंत त्यांनी दोनदा भिंतीला हात लावला. पंधरा दिवसांपूर्वी हाच माणूस ह्याच दारातून लिलावाला निघाल्यासारखा गेला असता. दारात ते थांबले, डोळे मिटले, हात जोडले. ओठ हलले ते मला दिसले. काय म्हणाले, ते मी विचारलेलं नाही. लावणाऱ्यानं विचारायचं नसतं.

आजार गेला. वर्ष होत आलं, दर दोन महिन्यांनी दुर्बीण घालतात, स्वच्छ आहे म्हणतात. आवाज बराचसा गेला. राहिलाय तो कोरडा कागद चुरगळल्यासारखा, समोरच्याला ऐकू येईल एवढा. क्रेटवर आता दुसरा चढतो.

आप्पांना मी सगळं सांगितलं. ते ओरडतील म्हणून तयारीत होतो. ते गुडघे चोळत म्हणाले, "पाणी तेवढं आणत जा." तेव्हापासून रविवारी आप्पा काठी टेकत, प्रत्येक पायरीला थांबत वर चढतात. मी मागून बादली घेऊन जातो. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बादली ठेवतो. आत ये असं ते म्हणत नाहीत, आणि मी विचारत नाही.

तात्यांनी गावात कोणाला एक शब्द सांगितला नाही. काकीनंही नाही. त्यामुळं गावानं आपल्या परीनं अर्थ लावला. नाथानं जा म्हटलं, तात्या गेला, कॅन्सर पळाला. आणि तो कौल कोणी लावला? अवीनं. मग लोक यायला लागले. अकलूजकडून एक म्हातारी आली, सुनेला मूल होत नाही म्हणून. इंदापूरच्या एका डाळिंबवाल्यानं फोन केला. सगळ्यांना कौल हवा, आणि तो माझ्याच हातचा हवा. "शिकलेला हाय, पर हाताला गुण हाय," असं म्हणतात. आप्पा त्यांना सांगतात, "त्याचा अंगठा दुखतोय." ते हसत नाहीत, मीही हसत नाही. म्हातारी माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी बादली टाकून देवळामागं पळालो. तिला वाटलं, किती नम्र पोरगा आहे.

गेल्या महिन्यात भिगवणला गेलो होतो. तात्या झुंबरशेठच्याच अडतीवर वजन करतात आता. पाटी काट्यावर आली की आकडा बघायचा, खडूनं फळ्यावर लिहायचा, बोटं दाखवायची. गडबड ओसरल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. ह्या एका प्रश्नासाठीच आलो होतो, मासे निमित्ताला.

"तात्या, एक इचारू?"

"इचार."

"डावी पडली आसती तर?"

"तर पुण्याला गेलो आसतो."

"आन आवाज?"

"ऱ्हायला आसता. न्हायतर न्हाय. न्हायतर चौफुल्याला एसटी उलाटली आसती. तुला ठावं हाय का?"

"न्हाय."

"मला बी न्हाय." त्यांनी खडू कानावर खोचला. "वरीस झालं, तू दर खेपंला हेच इचाराय येतूस, आन मासं घेऊन जातूस. आज तोंड उघडलंस. तुला निकाल पायजे. काय केलंस ते बरं झालं का वाईट झालं. बरं झालं म्हणलं तर तू सुटलास. वाईट झालं म्हणलं तर माफी मागून सुटलास. व्हय ना?"

मी मान डोलावली.

"ते माझ्यापाशी न्हाय, अवी. आसतं तर दिलं आसतं."

"मग मी काय करू?"

"पाणी आणतूस ना रविवारचं?"

"आणतो."

"मग आणत जा."

मागं छबूबाई कटल्याची पाटी घेऊन खोळंबली होती. "ओ गुरव," ती म्हणाली, "पूजा झाली आसंल तर काटा सोडा." तात्यांनी तिच्या पाटीकडे हात केला. मी बाजूला सरकलो.